खंडेनवमीचा नारळ, रविवारची ड्युटी आणि आपण: कामावर आणि घरात विश्वास कसा निभावता?

भोसरीकर_सीएनसी
सलाम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितोय कारण विषय डोक्यातून जात नाहीये. मी मूळचा नगरकडचा, ख्रिस्ती घरातला, आता भोसरी एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये आहे, सीएनसी आणि व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशीनं) मिळून बऱ्यापैकी मशीन आहेत. यंदा मला शिफ्ट इनचार्ज केलं. आता खंडेनवमी येतेय. आमच्याकडे आदल्या दिवशी सगळी मशीनं धुवून पुसून, कूलंटचा टँक साफ करून, झेंडूच्या माळा लावून पूजा होते आणि प्रत्येक शिफ्टचा नारळ इनचार्जने फोडायचा अशी पद्धत. ऑपरेटर असताना मी मागे उभा राहायचो, पेढा घ्यायचो, विषय संपला. यावेळी पोरं आत्ताच म्हणायला लागलीत की सर यंदा तुमच्या हातचा नारळ. वाईट कोणाच्याच मनात नाही उलट प्रेमानेच म्हणतायत म्हणून जास्त अवघड होतंय.

आणि दुसरं घरचं. बायको नर्स आहे, महिन्यात दोन तीन रविवार ड्युटी असतेच, माझी शिफ्ट फिरती, म्हणजे चर्चला रविवारच्या भक्तीला एकत्र जाणं जवळजवळ बंद. संध्याकाळची प्रार्थना आमच्या आईच्या घरी कधी चुकली नाही, आमच्याकडे आठवड्यात एकदा झाली तरी खूप. तर तुम्ही लोक कसं करता? प्रवचन नको प्लीज, ते रविवारी ऐकतो (जमलं तर). खरं काय करता ते सांगा.

जुनाट_नगरी
सलाम भाऊ. मी रिटायर्ड माणूस, एसटीच्या वर्कशॉपात नोकरी गेली त्यामुळे खंडेनवमी म्हणजे काय ते मला सांगू नका. माझं मत आधी सांगतो मग शिव्या घाला.

बायबलात २ राजे ५ वाचा. नामान सेनापती, कोड बरं झालं, परमेश्वरावर विश्वास ठेवला, आणि जाता जाता अलीशा संदेष्ट्याला म्हणतो की माझा धनी रिम्मोनच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, त्याच्याबरोबर मलाही वाकावं लागतं, एवढ्या गोष्टीची मला क्षमा व्हावी. अलीशा काय म्हणतो? शांतीने जा. बस. नोकरी सोड म्हणत नाही की वाकलास तर बघ म्हणत नाही. मी हा अध्याय कितीतरी पाळकांना दाखवला, निम्मे हसले निम्मे गप्प बसले.

याचा अर्थ नारळ फोडा असा मी काढत नाही. एवढंच की नोकरीतल्या माणसाची अडचण शास्त्राला माहीत आहे.

सीयोन_वाट
जुनाट काका आदर ठेवून बोलतो पण हे चुकीचं शिक्षण आहे. नामान नवा होता, कालच विश्वासात आलेला. आपण तीन चार पिढ्यांचे ख्रिस्ती. शद्रख मेशख अबेद्नगो यांनाही राजाची नोकरीच होती की, बाबेलच्या प्रांताचा कारभार बघत होते, तरी मूर्तीपुढे वाकले नाहीत. मागे उभं राहणं वेगळं आणि स्वतःच्या हाताने पूजा करणं वेगळं. १ करिंथ १० मध्ये पौल स्पष्ट सांगतो की कुणी सांगितलं हे अर्पण केलेलं आहे तर खाऊ नका. पेढासुद्धा मी घेत नाही, हात जोडतो आणि प्रेमाने नाही म्हणतो. सुरुवातीला लोक नाराज झाले, आता कुणी काही म्हणत नाही.

जुनाट_नगरी
त्याच अध्यायात वर तीनच ओळींवर म्हटलंय बाजारात जे विकतात ते चौकशी न करता खा. तो भाग तुम्ही सोडता आणि ज्या ओळीवर थांबता तिथेही कारण काय दिलंय ते बघा, सांगणाऱ्या माणसाच्या विवेकासाठी म्हणतो, तुमच्या नव्हे. म्हणजे समोरच्याचा विचार. तुमच्या पेढा न घेण्याने समोरच्याचं काय झालं हा प्रश्न विचारा.

कुपारी_केळीवाला
आम्ही वसईचे कॅथलिक, आम्हाला हा वाद वाचून जरा गंमत वाटते (रागवू नका). आमच्याकडे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो, नव्या भाताची कणसं देवळात नेतात, फादर आशीर्वाद देतात. कोळ्यांच्या बोटींवर फादर पवित्र पाणी शिंपडतात, नवी रिक्षा नवा टेंपो घेतला की आधी देवळापुढे. म्हणजे अवजाराबद्दल देवाचे आभार मानायची भूक आम्हालाही आहेच. तुमच्याकडे पण हंगामाचा सण असतो ना?

पूजेत मी काय करतो: उभा राहतो, मनात स्वर्गीय पित्याला म्हणतो की बाबा हातपाय शाबूत राहू दे या मशीनपुढे, प्रसाद घेतो. नारळ मात्र मीही फोडणार नाही, ती त्यांची विधी आहे, तिथे मी उपरा होऊन नाटक केलं तर त्यांचाही अपमानच.

भोसरीकर_सीएनसी
असतो ना हंगामाचा सण, भक्तीनंतर लिलाव, भोपळा, गावठी कोंबडी, अंडी, शेवग्याच्या शेंगा. एक नारळ तीनदा विकला जातो कारण घेणारा परत मंडळीला म्हणजे चर्चला देतो. आमच्या लेकरांना चर्चमधलं सगळ्यात जास्त तेच आवडतं 😄

कुपारीभाऊ तुमचा नाटकाचा मुद्दा पटला. मला नेमकं तेच खुपत होतं पण शब्द सापडत नव्हते.

मिरजेची_सिस्टर
रविवारच्या ड्युटीबद्दल कोणीच बोललं नाही, सगळे नारळावर! मी बोलते. मी नर्सिंग मिरजेला केलं, वान्लेस डॉक्टरांनी १८९४ साली सुरू केलेलं हॉस्पिटल. आता पुण्यात आयसीयूला आहे. भाऊ, तुमची बायको रविवारी ड्युटीवर असते म्हणजे ती भक्ती चुकवते असं तुम्ही लिहिलंत ना, ते एकदा परत वाचा. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला रविवार नसतो. शब्बाथ माणसासाठी, माणूस शब्बाथासाठी नाही हे प्रभूनेच म्हटलंय, आणि शब्बाथाच्या दिवशी विहिरीत पडलेला बैल तुम्ही काढत नाही का असंही.

मी काय करते ते सांगते. ड्युटी घेताना हॅन्डओव्हर ऐकते तेव्हा प्रत्येक बेडपाशी मनात पेशंटचं नाव घेते, मोठ्याने नाही, कुणाला कळतही नाही. पेशंटपुढे धर्म काढायचा नाही हा माझा नियम. आजारी माणूस परवश असतो, तेव्हा त्याला काही ऐकवणं म्हणजे जबरदस्तीच. कुणी स्वतःहून म्हटलं सिस्टर प्रार्थना करा तर करते, ते कुठल्याही धर्माचे असोत. आणि डायपर बदलताना, तोंड साफ करताना, बेडसोर बघताना घाई न करणं. कुणी बघत नसताना कूस बदलली की नाही हे फक्त चार्टवर दिसतं आणि चार्टवर काहीही लिहिता येतं हे नर्स लोकांना माहीत आहे.

आता खरं दुखणं. रविवारी ड्युटी नसेल तर सकाळी भक्ती, आणि तिथून आल्यावर? मटण कोण करतं? सगळे पुरुष भक्तीहून आले की सोफ्यावर आणि आम्ही चर्चच्या साडीतच गॅसपुढे. विसावा म्हणून जो दिवस पाळायचा त्या दिवशी घरातल्या बाईला सगळ्यात जास्त काम. मार्था मरीया या बहिणींवर (येशू घरी आला तेव्हा एक राबत होती, दुसरी ऐकत बसली) दरवर्षी प्रवचन होतं, मार्थेने चिंता करू नये म्हणे. अहो पण मग स्वयंपाक कोणी केला ते सांगा ना!

वडाळ्याची_लेक
सिस्टरताई टाळ्या!! आमच्या सासूबाई भक्तीला जायच्या आधी पहाटे चारला उठून वाटण करून ठेवायच्या. त्यांना मी एकदा म्हटलं रविवारी खिचडी करू, तर आठवडाभर बोलल्या नाहीत. आता नवरा शनिवारी रात्री मटण शिजवून ठेवतो, यूट्यूब बघून शिकला, आधी भयानक व्हायचं. सासूबाई अजून म्हणतात मीठ कमी आहे पण वाढून दोनदा घेतात.

पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन बघा ना. दुष्काळातून आणलेल्या पोरींना मुक्तीत नुसतं गीत आणि शास्त्र नाही शिकवलं, विणकाम, तेलघाणा, शेती, छापखाना सगळं शिकवलं. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल तिथल्या बायकांनीच छपाईचे खिळे जुळवून छापलं. १९२२ ला रमाबाई गेल्या त्याच्या थोडं आधी भाषांतराचं काम उरकलं. म्हणजे प्रार्थना आणि शाई लागलेले हात एकाच घरात. मला भक्तीत ऐकलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा ते जास्त धीर देतं.

सीयोन_वाट
सिस्टर, पेशंटला काहीच सांगायचं नाही हे मला पटलं नाही. शेवटच्या घटकेला माणसाला सुवार्ता मिळाली तर त्याचं भलंच आहे. आपण लाजतो का?

मिरजेची_सिस्टर
दादा लाज नाही. तो माणूस बेडवर आहे, हाताला सलाईन आहे, उठून जाऊ शकत नाही, आणि मी गणवेशात आहे, त्याचं औषध माझ्या हातात आहे. अशा वेळी तो माझ्या बोलण्याला हो म्हणेल ते कशासाठी म्हणेल? आणि बाहेरच्या परिस्थितीबद्दल तर मी बोलतच नाही, ते तुम्हाला माहीत आहे.

टॅलीवाला
मी वेगळाच मुद्दा काढतो. नारळ वर्षातून एकदा. माझ्याकडे रोज. मी एका ट्रेडरकडे अकाउंट्स बघतो. कच्चं बिल पक्कं बिल, माल गेलाच नाही आणि बिल निघालं, हे सगळं माझ्या कीबोर्डवरून. सेठ माणूस म्हणून चांगला, माझ्या वडिलांच्या ऑपरेशनला न मागता पैसे दिले. आता त्याला मी काय सांगू? घरी रात्री मुलांना घेऊन आमच्या स्वर्गातील बापा म्हणतो आणि आम्हास परीक्षेत आणू नको इथे आलो की रोज एक सेकंद अडखळतो. मुलगी आता विचारते पप्पा तुम्ही तिथे का थांबता.

जुनाट_नगरी
टॅलीवाले भाऊ, लूक ३ काढा. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार येतात, गुरुजी आम्ही काय करावं? तो त्यांना जकातनाका सोडा म्हणत नाही. ठरवून दिलंय त्याच्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणतो. शिपाई येतात, त्यांना म्हणतो कोणावर जुलूम करू नका, खोटे आरोप करू नका, आपल्या पगारात समाधानी राहा. म्हणजे त्या काळचे सगळ्यात बदनाम धंदे, आणि उत्तर किती साधं, जिथे आहात तिथेच, पण हात स्वच्छ. आता हात स्वच्छ ठेवून ते जकातदार किती दिवस टिकले ते काही लिहिलेलं नाही 🙂 तेही खरं.

मी स्वतः एसटीत असताना डिझेल आणि टायरचे काय काय प्रकार बघितले. सगळ्यांशी भांडलो असं नाही. जिथे माझी सही लागायची तिथे खोटी केली नाही एवढंच धरून बसलो, प्रमोशन उशिरा झालं. तुम्ही सेठला निदान एवढं सांगू शकता की बोगस बिल मी बनवणार नाही, बाकी सगळं मन लावून करतो. कदाचित ठेवेल कदाचित काढेल. आणि दुसरी नोकरी शोधायला आजपासून लागा, म्हणजे हे सांगताना आवाज कापणार नाही.

कुपारी_केळीवाला
बरोबर. आमची एक आते भाजीची पाटी घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जायची. इतर बायका वर टवटवीत आणि खाली बारकी लावायच्या, ही सरमिसळ ठेवायची. गिऱ्हाईक आधी कमी यायचं पण जे यायचं ते तिच्याकडेच यायचं. आजही आम्ही केळीचा घड देताना ओल्या दांड्याचं वजन धरत नाही, व्यापारी हसतात. नीतिसूत्रांत खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट येतो असं आहे, आते शाळेत गेलेली नव्हती पण हे वाक्य तिला पाठ.

अजून एक, १ मे ला सगळे महाराष्ट्र दिन म्हणतात, आमच्याकडे तो कामकरी संत जोसेफचा सण पण असतो, पोप बाराव्या पायसनी १९५५ साली सुरू केला, कामगार दिनाच्याच दिवशी मुद्दाम. सुताराच्या घरात देव वाढला हे लक्षात ठेवायला बरं पडतं. आणि पौल पण राहुट्या शिवायचा की, करिंथमध्ये अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाच्या घरी राहून.

नाव_नको_मला
सगळे प्रामाणिकपणाबद्दल बोलताय म्हणून लिहितो, डिलीट केलं तरी चालेल. आमच्या गावाकडे (मराठवाडा) अर्धी मंडळी कागदावर एक आणि घरात एक. रविवारी प्रभुभोजन आणि दाखल्यावर हिंदू. का ते सगळ्यांना माहीत आहे. १९५० च्या आदेशात अनुसूचित जातीत फक्त हिंदू, मग १९५६ ला शीख घेतले, १९९० ला बौद्ध घेतले, ख्रिस्ती झाला की बाहेर. जातीवरून शिव्या देणारा गावातला माणूस काही तुमचा बाप्तिस्म्याचा दाखला बघून थांबत नाही. माझ्या बापाला शाळेत वेगळं बसवलं तेव्हा कोणी विचारलं नाही की तू चर्चला जातोस का. आणि मी सवलत घेतली तर मंडळीत मला खोटारडा म्हणणार. मी नोकरीला आहे, ऑफिसात गळ्यात क्रूस घालत नाही, नाताळाची सुट्टी कॅज्युअल म्हणून टाकतो. आता सांगा मी विश्वास कसा निभावू. नारळाचा प्रश्न ज्याला पडतो तो नशीबवान आहे.

सीयोन_वाट
भावा तुझ्यासाठी प्रार्थना करीन. पण जो मला लोकांसमोर नाकारील त्याला मी नाकारीन असं प्रभूचं वचन आहे ते विसरू नकोस.

वडाळ्याची_लेक
सीयोनदादा एक मिनिट थांबा. हे वचन फेकायला तुम्हाला काय लागलं? तुमचं आडनाव आणि तुमची नोकरी यांच्यामध्ये कोणी कायदा घातलेला नाहीये. त्याच्या पोरांची फी तुम्ही भरणार आहात का? पेत्राने तीनदा नाकारलं आणि नंतर त्यालाच प्रभूने मेंढरं सांभाळायला दिली, हे पण वचनच आहे.

जुनाट_नगरी
ताई बरोबर बोलल्या. हा कायद्याचा अन्याय आहे आणि त्याचं ओझं एकट्या माणसाच्या विवेकावर टाकून मंडळी मोकळी होते. नाव_नको, तुमचं लिहिलेलं राहू द्या इथे. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या बायकोने, 'स्मृतिचित्रे'वाल्या लक्ष्मीबाईंनी पाचेक वर्षं लावली, वेगळी चूल मांडली, सोवळं सोडता सुटेना. आणि ती बाई नंतर काय झाली ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. माणसाला वेळ लागतो. तुमचं प्रकरण वेगळं आहे हे कळतं मला, तिथे वेळेपेक्षा न्याय लागतो.

नाव_नको_मला
धन्यवाद काका, ताई. एवढं बोललो तरी बरं वाटलं.

शेजारच्या_बाकावरचा
नमस्कार, मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे, शोधताना इथे आलो आणि सगळा धागा वाचला. बोललो तर चालेल ना? आमच्या कंपनीत क्वालिटीला एक ख्रिस्ती सर होते. पूजेच्या दिवशी ते शांतपणे मागे उभे राहायचे, नारळ आमचे फोरमन फोडायचे, कोणालाही त्यात काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर तुम्हाला वाटतं तेवढं लक्ष कोणाचं नसतं, सगळ्यांचं लक्ष पुरी भाजी आणि बोनसच्या पाकिटाकडे.

पण त्यांचं एक मला अजून आठवतं. महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई असायची तेव्हा इन्स्पेक्शन रिपोर्ट टेबलावर बसून भरायचे, म्हणजे पार्ट न मोजता, सगळी रीडिंग टॉलरन्सच्या (मापात चालणाऱ्या फरकाच्या) मधोमध. सगळीकडे चालतं हे, कुणी कबूल करत नाही. हे सर व्हर्नियर घेऊन बसायचे आणि गाडी गेटवर थांबलेली असायची. मॅनेजर ओरडायचे. एकदा ब्रेकच्या पार्टचा लॉट होता, सरांनी अडवला, म्हणाले हा पार्ट कुणाच्या तरी गाडीत बसणार आहे. बस एवढंच, देवाचं नाव नाही काही नाही. पोरांना ते आवडायचे नाहीत तेव्हा, ओव्हरटाइम वाढायचा त्यांच्यामुळे. मला पण नाही आवडायचे. नंतर मी क्वालिटीला गेलो तेव्हा कळलं की हे किती जड आहे.

भोसरीकर_सीएनसी
दादा तुम्ही एकदम वर्मावर बोट ठेवलंत. इनचार्ज झाल्यापासून त्या रिपोर्टवर माझी पण सही असते. आणि मी प्रश्न नारळाचा विचारतोय.

टॅलीवाला
वेलकम टू द क्लब भाऊ.

सीयोन_वाट
ही साक्ष चांगली आहे. वारकरी दादा देव तुमचं भलं करो. पेढ्याबद्दल माझं मत मात्र तेच आहे.

शेजारच्या_बाकावरचा
हाहा ठेवा की, आमच्या घरी आजी माळकरी होती, ती कुणाच्याही घरचं कांदा लसणाचं खायची नाही, आम्ही काही वाईट वाटून घेतलं नाही. तुम्ही हसून नाही म्हणा म्हणजे झालं.

मिरजेची_सिस्टर
भोसरीकर भाऊ प्रार्थनेचं काय ठरवलंत? ते राहूनच गेलं. आमच्याकडे फिरती शिफ्ट दोघांची. संध्याकाळी सातचा हट्ट सोडला, जो शेवटचा घरी येतो तो आला की, जेवायच्या आधी, एक स्तोत्र आणि प्रभूची प्रार्थना, पाच मिनिटं. पोरगा पेंगलेला असला तरी मांडीवर घेऊन. नाईट असेल तर मी ब्रेकमध्ये फोन करते आणि स्पीकरवर. सासरे आधी म्हणाले ही काय प्रार्थना, आता तेच फोन उचलायला बसलेले असतात.

वडाळ्याची_लेक
आणि दर वेळेला नवऱ्यानेच चालवायची असं पण नाही हां. आमच्याकडे नऊ वर्षाचा पोरगा चालवतो, त्याच्या प्रार्थनेत शेजारचं कुत्रं, इंडियाची मॅच आणि गणिताच्या बाई सगळे असतात.

भोसरीकर_सीएनसी
सगळ्यांचे आभार, खंडेनवमी झाली म्हणून अपडेट टाकतो. आधीच पोरांशी बोललो, म्हटलं मी ख्रिस्ती आहे, पूजेला उभा राहतो, नारळ मात्र आपल्यातल्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरने फोडावा. त्या मामांना इतका आनंद झाला की ते नवीन शर्ट घालून आले. आदल्या दिवशी मशीन धुवायला मी पोरांबरोबर चिपच्या ट्रॉल्या ओढल्या, इनचार्ज सहसा ते करत नाहीत. पेढा घेतला (सॉरी सीयोनदादा).

रिपोर्टचं अवघड आहे. मॅनेजरना सांगितलं की मोजल्याशिवाय सही करणार नाही, निदान क्रिटिकल डायमेन्शन तरी. ते म्हणाले मग माणूस कुठून आणू. मी म्हटलं गो नोगो गेज (पार्ट मापात बसतो की नाही एवढंच पटकन दाखवणारं) बनवून द्या, ऑपरेटर मशीनवरच चेक करेल, टाइम वाचेल. कोटेशन मागवलंय. तोपर्यंत रोज थोडं थोडं भांडण चालू आहे आणि मागच्या आठवड्यात एक गाडी उशिरा गेली त्याचं खापर माझ्यावर.

बायकोला सिस्टरताईंची पोस्ट वाचून दाखवली. रविवारच्या मटणाचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. टॅलीवाले भाऊ तुमचं काय झालं?

टॅलीवाला
सेठशी बोललो अजून नाही. बायोडेटा तीन ठिकाणी टाकलाय, एका सीएच्या ऑफिसातून फोन आला, पगार कमी सांगतायत. मिसेस म्हणते जा. बघतो, दिवाळीनंतर कळवतो.

वडाळ्याची_लेक
भोसरीकर भाऊ, शनिवारी रात्रीच्या मटणाची रेसिपी माझ्या नवऱ्याकडून घ्या, मेसेज केलाय. फक्त मीठ तुमच्या अंदाजाने.